वेंडेलचं पोस्ट ऑफिस

हॅरोज बेंड, ओहायो
२ जून १९५७

लिओटा,

गुरुवारी डेकोरेशन डे झाला. कबरघरात आपल्या माणसांना फुलं ठेवून आले. पिओनी यंदा उशिरा आल्या, निम्म्या तर कळ्याच होत्या, तशाच मुंग्यांसकट नेल्या. आईला एक डबा, वेंडेलला एक डबा. वेंडेलच्या भिंतीतल्या कप्प्याला फुलदाणी नाही. तुझ्या लक्षात नसणार, म्हणून सांगते. त्याचा डबा खाली जमिनीवर ठेवावा लागतो, दाराआड, झाडूच्या शेजारी.

आता मुद्द्याचं. कबरघर पाडायचं ठरलंय.

मर्ल रुपर्ट स्वतः सांगायला आला होता. दफनभूमीच्या समितीचा तो आता मुख्य आहे. तुला तो माहीत नाही, त्याचा आजा माहीत आहे. बाबांना लंगडं खेचर विकणारा तोच. नातू बरा आहे. ॲपल पायचे दोन तुकडे खाल्ले, मग टोपी काढली, मग बोलला.

"मिस ऑर्फा, छप्पर कधीही खाली येईल. आतल्यांचं काही बिघडणार नाही म्हणा, पण फुलं घेऊन येणाऱ्यांचं काय?"

मी म्हटलं, "फुलं घेऊन येणारी मी एकटीच उरलेय, आणि मी डोक्याला रुमाल बांधून जाते."

तो हसला नाही. खरंच पाडणार आहेत. जमीन गोठायच्या आत सगळ्यांना बाहेर काढून टेकडीवरच्या नव्या जागेत पुरायचं. ज्याचा कप्पा त्याला एक थडगं. शेजारी तेच राहणार. म्हणजे मिसेस क्रॉली मेल्यावरही मिसेस बेकटेलच्या शेजारी पडून कटकट ऐकते आहे, ती पुढेही ऐकेल. पण दाराआडच्या तात्पुरत्या रांगेतले जे आहेत, ज्यांचा स्वतःचा कप्पा नाही, त्यांना एकाच खड्ड्यात घालणार. वर एक दगड, नावं नाहीत. ते तिघं आहेत. सर्कशीबरोबर आलेला तो माणूस, आगगाडीत मेलेली बाई, आणि वेंडेल, आपला भाऊ.

आईच्या शेजारचा कप्पा तुझ्या नावावर आहे. लोक मुलीला लग्नात चांदीचे चमचे देतात, आपल्या आईने कप्पा दिला. "कुठेही गेलीस तरी शेवटी घरी ये," म्हणाली होती. तू येणार नाहीस हे तुलाही माहीत आहे, मलाही. तो वेंडेलला दे. कागद सोबत जोडलाय, खाली सही कर, बस. माझं मी बघून ठेवलंय, माझी काळजी नको.

हे मी एकदा आधीही मागितलं होतं, तो गेला त्या जानेवारीत. तेव्हा उत्तर तुझ्या क्लिफर्डच्या अक्षरात आलं होतं: "सध्या तात्पुरती सोय पुरेशी आहे." ते सध्या अजून चालूच आहे.

ऑर्फा

ता. क. नाताळात तू संत्र्याची मिठाई पाठवलीस, तो पत्र्याचा डबा माझ्याकडेच राहिलाय. रिकामा कसा पाठवायचा. आईने हात तोडले असते.


पॅसाडेना, कॅलिफोर्निया
२१ जून १९५७

लाडके ऑर्फे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी व्हरांड्यात बसून रडतच होते, त्यामुळे वेगळं रडावं लागलं नाही.

क्लिफर्ड गेला. एप्रिलमध्ये. तुला कळवलं नाही, कारण लिहायला बसले की हात थांबायचा. झोपेत गेला, अगदी सभ्यपणे, जसा जगला तसा. आदल्या आठवड्यात म्हणत होता, "लिओ, मी खूप इमारती उभ्या केल्या, पण माझी खरी ती एकच. मला तिथे नेऊन ठेव." ऑर्फे, चव्वेचाळीस साली त्याला मोठी इस्पितळाची इमारत मिळाली होती, तिचंही त्याने नाव काढलं नाही. नाव काढलं ते आपल्या कबरघराचं!

तुला तो निळा पट्टा आठवतो ना? मागच्या रंगीत काचेतून सकाळचं ऊन आलं की निळा पट्टा सरकत सरकत बरोबर आईच्या संगमरवरावर येतो. ते त्याने मुद्दाम साधलं होतं. खिडकी किती इंच कुठे सरकवायची त्यावर मुकादमाशी भांडला होता. होणाऱ्या सासूसाठी! असा माणूस, ऑर्फे.

तर ऐक. पाडण्याचं वगैरे मनावर घेऊ नकोस. हॅरोज बेंडमध्ये लोक सुतळीचा तुकडासुद्धा टाकत नाहीत, ते बेडफर्डचा महागडा दगड टाकतील? बाहेरचे दोन खांब, ती ब्राँझची दारं, असं काही आता कुणी बांधतं का? मी मर्ल रुपर्टला पत्र लिहितेय. इथे आमच्या ब्रिज खेळायच्या मंडळात एका न्यायाधीशांची बायको आहे, तिला जुन्या इमारतींचं भारी वेड. तीही लिहील.

क्लिफर्डला मी सोमवारी रजिस्टर पोस्टाने पाठवलाय. राखेची पेटी ब्राँझची आहे, छान आहे. माझ्या कप्प्यात ठेव. किल्ली तुझ्याकडेच असते ना? मी पुढे त्याच्याजवळ येईन. बिचारा वेंडेल आहे तिथे ठीक आहे गं, त्याचं कधी कशाबद्दल काही म्हणणं नसायचं.

इथे कडक ऊन पडलंय. व्हरांड्यावरचा आमचा छोटा तांब्याचा घुमट इतका सुंदर हिरवा झालाय, येणारेजाणारे थांबून बघतात. कबुतरं बसतात वर. मी बघते आणि रडते.

तुझी,
लिओटा


हॅरोज बेंड
९ जुलै १९५७

लिओटा,

क्लिफर्ड पोहोचला. पोस्टमनने सही मागितली आणि म्हणाला, "जड आहे, काय आलंय?" मी म्हटलं, "मेहुणा." तो पायरीवरून मागे सरकला तो थेट फाटकापर्यंत.

वाईट वाटलं. नवरा जातो तेव्हा कसं वाटतं मला माहीत नाही, पण घर रिकामं झालं की कसं वाटतं ते माहीत आहे. एवढं मनापासून लिहिते, पुढचं वाचून ते खोटं समजू नकोस.

त्याला कोठीघरात ठेवलाय, वरच्या फळीवर, बिटाच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी. तिथे कोरडं आहे. त्याच्या इमारतीत नाही. तू शेवटची आलीस आईच्या वेळी, ते ऑगस्टात. तुला ती इमारत उन्हाळ्यातली माहीत आहे. मार्चमधली सांगते. छतातल्या काचेच्या चारी कडांनी पाणी येतं, भिंतीतून उतरतं, आणि वरून तिसरा कप्पा म्हणजे आई, तिच्या दगडावरून खाली ओघळतं. तुझा निळा पट्टा येतो अजून, वेळच्या वेळी. त्या डागावर पडतो. मी जुन्या फ्लॅनेलने पुसते आणि तो परत ओला होतो.

कुणाच्या दगडावर, लिओटा? एकोणीसशे तेराच्या पुरात नदीकाठच्या जुन्या दफनभूमीतून शवपेट्या वर आल्या होत्या. लोक होड्या घेऊन शोधत होते. सगळ्यांच्या कुणाच्या ना कुणाच्या सापडल्या. बाबांची पेटी नाही सापडली. आई तीन दिवस काठावर उभी होती, तुझी शाल पांघरून. त्या उन्हाळ्यात कबरघर बांधणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि त्याच्याबरोबर वेंडेल कप्पे विकत गावभर फिरला, जत्रेत तंबू टाकला, ते रंगीत चित्र लावलं. पांढरी इमारत आणि वर हा एवढा तांब्याचा घुमट. "मंडळी, थेंब आत येणार नाही! इजिप्तचे राजे झोपलेत तसं झोपाल!" पहिला कप्पा आईने घेतला. एकच विचारलं त्याला, "वेंडेल, कोरडं राहील ना?" "खडखडीत, आई."

मग इमारत उभी राहिली आणि घुमट आलाच नाही. जिथे घुमट हवा तिथे एक भोक, त्यावर काच. बाकी सपाट, डांबर फासलेलं. सपाट छप्पर, ओहायोत! त्या डिसेंबरात पहिला बर्फ साचला आणि गाव हसायला लागलं. कप्प्यांवर कप्पे, वर सपाट झाकण: "वेंडेलचं पोस्ट ऑफिस." अजून तेच म्हणतात. ज्यांना वेंडेल कोण हे माहीत नाही तेही म्हणतात. कंपनीचा माणूस गेला, कंपनी गेली. बांधकामावर जो देखरेख करत होता तो माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन कॅलिफोर्नियाला गेला. मागे कोण उरलं, शिव्या खायला?

कागद कोरा परत आलाय. दुसरा जोडते. सही कर.

ऑर्फा


पॅसाडेना
३० जुलै १९५७

ऑर्फा,

विधवेला असं पत्र कुणी लिहितं का? मी दोन दिवस जेवले नाही. न्यायाधीशांची बायको सूप घेऊन आली आणि मला चमच्याने भरवलं.

क्लिफर्ड कंपनीचा नोकर होता. कंपनीने सांगितलं घुमट नको, त्याने घुमट केला नाही. एवढीच गोष्ट आहे. तू त्याला बरण्यांशेजारी ठेवलास! आयुष्यभर त्याला लोणच्याचा वास सहन झाला नाही.

आणि वेंडेल बिचारा, वेंडेल साधा, हे जे तू चाळीस वर्षं लावलंयस ना, ते ऐकून ऐकून मला कंटाळा आलाय. आज सांगून टाकते. वेंडेलला माहीत होतं. आमच्या लग्नाच्या आधी क्लिफर्ड आपल्याकडे जेवायला आला होता, तू आणि आई भांडी घासत होतात, आम्ही तिघं मागच्या ओसरीवर होतो. क्लिफर्ड म्हणाला, "घुमट होणार नाही, चित्र काढून टाक." वेंडेल म्हणाला, "कशाला? लोक दारातून आत जातात, छपरावरून नाही. अजून सहा कप्पे जायचेत." माझ्या कानांनी ऐकलंय. त्यानंतरही त्याने ते चित्र लावून ठेवलं, पार हिवाळ्यापर्यंत. तुझा गरीब भाऊ!

मी त्याला वाईट म्हणत नाही. तरुण होता. पुढे शांतपणे जगला, तू केलंस त्याचं सगळं, आणि अर्ध्या ओहायोसारखा न्यूमोनियाने गेला. पण म्हणून क्लिफर्डची जागा त्याला कशाला?

आनंदाची बातमी अशी की मर्ल रुपर्टचं उत्तर आलं. किती सुसंस्कृत माणूस! लिहितो, "आपल्या सूचनेचा समिती योग्य तो विचार करेल." आता बोल. मी तुला म्हटलं होतं ना, पाडत नसतात. ओल्या भागातल्यांना हलवतील, छप्पर नीट करतील.

सही मी करणार नाही.

लिओटा


हॅरोज बेंड
१८ ऑगस्ट १९५७

लिओटा,

वेंडेलला माहीत होतं. मला माहीत होतं की त्याला माहीत होतं. तुला काय वाटलं, हे वाचून मी खाली बसेन?

मग हेही वाच.

पहिल्या हिवाळ्यानंतर तो शिडी घेऊन वर गेला. डांबराची बादली, ब्रश, जुन्या गोणी. कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या शरदात परत गेला. त्याच्यापुढच्याही. कारखान्यातून सुटला की शनिवारी तिकडे. ऑक्टोबरात डांबर, जानेवारीत फावडं घेऊन बर्फ खाली. बर्फ जरा साचला की छप्पर मधे बसतं, आणि बसलं की पाणी. खालून पोरं ओरडायची, "ओ पोस्टमास्तर, माझं काही आलंय का?" तो वरून म्हणायचा, "तुझ्या आजीने विचारलंय, नाक पुसलंस का?" पोरं हसायची. तोही. मग खाली यायचा, आणि रात्री जेवताना हात काळे, आई त्याच्याकडे बघायची नाही. मरेपर्यंत ती त्याच्याशी फक्त "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोलली. आई गेल्यावर मी म्हटलं, आता बस कर. तर म्हणाला, "आता तर ती आत आहे."

न्यूमोनिया नाही. छपरावरून पडला. मधे बसलेल्या भागावर फावडं मारत होता, खाली बर्फाचा थर होता, सरकला तो थेट मागच्या बाजूला, रंगीत खिडकीखाली. पाठ मोडली. त्या वेळी मी घरात त्याच्यासाठी मटणाचा रस्सा करत होते. लोकांनी दार काढून त्यावर निजवून आणला. चार दिवस होता. शुद्धीवर होता. म्हणाला, "ओटीला लिहिशील तेव्हा न्यूमोनिया लिही. छपराचं लिहिलंस तर तिला त्रास होईल." तुला, त्याच्या ओटीला, त्रास होईल म्हणून. तू त्या वेळी त्याला सात वर्षांत एक कार्ड पाठवलं नव्हतंस.

जमीन लोखंडासारखी झाली होती, म्हणून तात्पुरत्या रांगेत ठेवला, जसं सगळ्यांना ठेवतात, वसंतापर्यंत. साधी स्लेटची फळी, नाव नाही, कारण वसंतात काढायचाच होता. त्या वसंतात तुमचं उत्तर आलं.

आता घुमट. तू पहिल्याच पत्रात लिहिलंस, तुमच्या व्हरांड्यावर तांब्याचा घुमट आहे, सुंदर हिरवा झालाय. मला माहीत आहे कसा आहे तो. सोळा साली तू घराचा फोटो पाठवला होतास. आईने पियानोवर ठेवला. येईल त्याला दाखवायची, माझ्या लिओटाचं घर. मग एक दिवस वेंडेल पियानोपाशी उभा राहिला. बराच वेळ. फोटोतल्या घुमटाकडे बघत. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तेव्हा फोटो पालथा होता. आई गेल्यावरसुद्धा मी तो सरळ केला नाही.

घुमटाचं तांबं आलं होतं, लिओटा. स्टेशनवर उतरवलेलं गावाने बघितलं होतं. पुढे कुठे गेलं ते गावाला कळलं नाही. आईला कळलं, वेंडेलला कळलं, मला कळलं. तिघंही बोललो नाही, कारण ते तुझं घर होतं. तेराच्या पुरानंतर या घराने जे जे गिळलं त्यात हेही.

तुला क्लिफर्ड त्याच्या इमारतीत हवाय. असू दे. मी माझ्या हाताने ठेवीन. पण टेकडीवर, मातीत, आईच्या शेजारी वेंडेल. सही कर.

ऑर्फा


पॅसाडेना
१४ सप्टेंबर १९५७

ऑर्फे,

इतके दिवस लिहिलं नाही. न्यायाधीशांच्या बायकोला मी सांगितलं की मला दमा झालाय.

वेंडेलचं वाचलं. तू मला तेव्हा का नाही सांगितलंस, असं विचारणार होते, मग न्यूमोनियाचं ते वाक्य पुन्हा वाचलं. त्याला आईजवळ ठेव. मी नको म्हणत नाही. मला तो नेहमी ओसरीवरच आठवतो, पाय खाली सोडून बसलेला, शिट्टी वाजवत. छपरावरचा मला आठवता येत नाही.

घुमटाबद्दलचं मी वाचलं नाही असं समज. क्लिफर्डने मला सांगितलं होतं की घराचा तो भाग त्याने स्वतः कमावलाय. मी विचारलं नाही, कसा. बायको नवऱ्याला छपराबद्दल विचारत बसते का? आता तो नाही, आणि मला या वयात दुसरं घर बघता येणार नाही.

सही सोबत आहे. आणि हे मी स्वच्छ लिहून देते, म्हणजे तुझा माझा गोंधळ नको: टेकडीवरची माझी जागा वेंडेलला. आणि क्लिफर्डला त्याच्या इमारतीत ठेवायचं, तू कबूल केलंस तसं. जागा तू निवड, किल्ली तुझ्याकडे आहे. फक्त खालच्या रांगेत नको, डोळ्यांच्या उंचीवर असू दे, जिथे निळा पट्टा येतो तिथे. आता बरेच कप्पे रिकामे होतील ना, मग चांगली जागा मिळेल.

मर्लला मी परत लिहिलंय. छप्पर दुरुस्त करणारच आहेत तर मूळ चित्राप्रमाणे करता येईल का, असं विचारलंय. न्यायाधीशांच्या बायकोला कल्पना फार आवडली. उत्तर आलं नाही, म्हणजे विचार चालू असेल.

तुझी,
ओटी


(पोस्टकार्ड, समोरच्या बाजूला हॅरोज बेंडचं न्यायालय)
२३ सप्टेंबर

सही मिळाली. क्लिफर्ड त्याच्या इमारतीत राहील. डोळ्यांच्या उंचीवर. मर्लशी तुझा पत्रव्यवहार चालू आहे, तेव्हा त्या बाबतीत मी मधे काय बोलणार.

ऑ.


(पोस्टकार्ड, समोर संत्र्यांची बाग)
२ नोव्हेंबर

ऑर्फे, झालं का? वेंडेलचं, क्लिफर्डचं? दोन ओळी तरी लिही. आणि एक फोटो पाठव ना, गावात कुणाकडे तरी कॅमेरा असेलच. आत थोडा अंधार असतो, दार उघडं ठेवून काढायला सांग. मी तो व्हरांड्यात लावीन.

ओटी


हॅरोज बेंड
१ डिसेंबर १९५७

लिओटा,

सगळं झालं. क्रमाने लिहिते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात काढायला सुरुवात केली. मर्लने बाहेर कापडाचा पडदा लावला होता, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. अर्थात सगळं गाव पडद्याच्या आत उभं होतं. संगमरवराचे दगड एकेक करून उतरवले, भिंतीला टेकून ठेवले, आणि मागे सगळे कप्पे उघडे. इतकी वर्षं मी तिथे जातेय, पण दगडामागे काय आहे ते पहिल्यांदा बघितलं. कच्चं काँक्रीट. लाकडी फळ्यांचे ठसे तसेच. दर्शनी दोन इंच संगमरवर आणि मागे सगळं कोठीघर.

आईच्या कप्प्यात खाली पाणी होतं. फार नाही. पेटी उचलली तेव्हा थेंब गळत होते, चौघं पायऱ्या उतरून गवतापर्यंत गेले तोपर्यंत. मी मागे चालत होते, माझे बूट भिजले. आईचं मी तुला यापेक्षा जास्त सांगणार नाही.

वेंडेलचा कप्पा कोरडा. खडखडीत. दाराआड, छप्पर तिथे जरा उंच आहे म्हणे. मर्ल म्हणाला, "अख्ख्या इमारतीत ही एकच जागा कोरडी, मिस ऑर्फा." मी म्हटलं, "त्याला सांगायला पाहिजे होतं, त्याने विकली असती." मग मला हसू आलं आणि ते थांबेना. मर्लने मला गाडीत नेऊन बसवलं.

आई आणि वेंडेल टेकडीवर शेजारी आहेत. वेंडेलला दगड केला. नाव आहे, सालं आहेत. खाली काही लिहायचं का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. माती चांगली आहे तिथली, पिवळी, पाणी धरत नाही. सर्कशीतला माणूस आणि ती आगगाडीतली बाई पलीकडे कोपऱ्यात, एका दगडाखाली. दोघांचीच जोडी झाल्यासारखी दिसते.

आता क्लिफर्ड.

तो महिनाभर तसाच थांबला, बरण्यांशेजारी. इमारत पूर्ण रिकामी होऊ दिली. मग गेल्या महिन्यात एका सकाळी गेले, किल्लीने उघडलं. गरज नव्हती, कुलूप आधीच काढून नेलं होतं, पण सवय. तू म्हटलंस तशी जागा निवडली: आईची. डोळ्यांच्या बरोबर समोर. पट्टा नव्हता, कारण रंगीत खिडकी काढून मेथॉडिस्टांच्या चर्चला दिली आहे, पण जागा तीच. पेटीत ठेवला नाही. पेटीत त्याला आपली इमारत कशी कळणार? राख काँक्रीटवर ओतली, हाताने नीट सारखी केली. खाली अजून ओल होती. लगेच चिकटली.

चार दिवसांनी पाडायला आले. लोखंडी गोळा, साखळी, मोठी क्रेन. मी मर्लच्या गाडीत काच वर करून बसले होते. छप्पर सगळ्यात आधी गेलं. त्याला काही वेळ लागला नाही. मर्ल म्हणाला, "मिस ऑर्फा, काही राहिलंय का आत? शेवटचं विचारतो." मी म्हटलं, "जे राहायला पाहिजे ते राहिलंय." त्याने माझ्याकडे बघितलं, मग स्टिअरिंगकडे. चांगल्या घरातला मुलगा आहे.

तू म्हणशील मी फसवलं. पाडणार आहेत, हे मी पहिल्या पत्रात पहिल्या पानावर लिहिलं होतं. तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस, मर्लच्या अक्षरावर ठेवलास. मर्ल ते उत्तर सगळ्यांना पाठवतो, कुत्र्यांची तक्रार करणाऱ्यांनासुद्धा. आणि क्लिफर्डला त्याच्या इमारतीत ठेवायचं, हे तुझ्या सहीचं आहे, माझ्याकडे आहे.

बेडफर्डचा दगड एकाने नेला, ब्राँझची दारं दुसऱ्याने. बाकीचा काँक्रीटचा चुरा ट्रकांनी नदीकाठी नेऊन टाकला, जुन्या दफनभूमीच्या खाली, जिथे तेरा साली काठ फुटला होता. दर मार्चला तिथे पाणी चढतं, म्हणून बांध घातलाय. बाबा तिकडेच कुठेतरी आहेत. जावई कधी भेटला नव्हता त्यांना. आता भेटेल.

तुमच्याकडे पाऊस नाही, म्हणून तुला कळणार नाही. इथे आज सकाळपासून लागलाय, त्यात बर्फाचे खडे आहेत. मी खिडकीशी बसलेय आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा छपराचा विचार करत नाहीये.

फोटो काढला नाही. त्याच्याऐवजी पेटी परत पाठवते. संत्र्याच्या मिठाईचा डबा नव्हे, तो मी ठेवून घेतला, त्यात बटणं आहेत. ब्राँझची. गरम पाण्याने आणि सोड्याने दोनदा धुतली आहे, झाकण घट्ट बसतं. रिकामी पाठवायची नाही म्हणून टेकडीवरच्या झाडाचे काळे अक्रोड फोडून, निवडून भरलेत. आईच्या पद्धतीचा नाताळचा केक कर. थोडे कडू लागतील, ते तसेच असतात.

ऑर्फा